एस्टोनियाला जाताय? मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणासाठी तीन वर्षं मी एस्टोनियातल्या तार्तु शहरात होते. परत येऊन बराच काळ झाला, तरी ओळखीपाळखीत कुणी एस्टोनियाचं तिकीट काढलं की प्रश्न माझ्याकडे येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्याऐवजी सगळं इथे एकत्र केलं आहे. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत. व्हिसाचं शुल्क, बोटींच्या वेळा अशा गोष्टी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी अधिकृत ठिकाणी एकदा ताडून पाहा.

१. एस्टोनिया नेमका आहे कुठे? केवढा देश आहे?

बाल्टिक समुद्राच्या पूर्व काठावर. उत्तरेला समुद्रापलीकडे फिनलंड, दक्षिणेला लाटव्हिया, पूर्वेला रशिया. क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सातवा हिस्सा. लोकसंख्या मात्र १४ लाखांच्या आत. एकट्या नाशिक शहरात याहून जास्त माणसं राहतात. निम्मा देश जंगलाखाली आहे आणि बेटं दोन हजारांहून जास्त. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र झाला, २००४ पासून युरोपीय संघात आणि नाटोत आहे.

२. हेलसिंकीहून एका दिवसात टॅलिन करून आलं तर चालेल ना?

चालेल, पण मी सांगेन की असं करू नका. सकाळच्या बोटीने येऊन संध्याकाळच्या बोटीने परतणाऱ्यांना जुन्या शहरातल्या दगडी गल्ल्या आणि दुपारची गर्दी एवढंच मिळतं. एस्टोनिया म्हणजे शांतता, दलदलीतल्या लाकडी वाटा, सॉना आणि बेटं. राजधानी टॅलिनला दोन दिवस, तार्तुला एक किंवा दोन, लाहेमा राष्ट्रीय उद्यानाला एक आणि सारेमा बेटाला दोन असा आठवडा काढता आला तर उत्तम. चारच दिवस असतील तर सारेमा सोडा, दलदल सोडू नका (प्र. १६).

३. कोणत्या महिन्यात जावं?

पहिल्यांदा जाणार असाल तर मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात. जूनमध्ये टॅलिनला सूर्य पहाटे चारला उगवतो आणि रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो, त्यानंतरही पूर्ण अंधार असा पडतच नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी बरोबर न्या, नाहीतर पहिल्या दोन रात्री झोप लागत नाही. डिसेंबरात सगळं उलटं होतं. सव्वानऊला उजाडतं आणि दुपारी साडेतीनच्या आत सूर्य गेलेला असतो. तरीही नाताळच्या बाजारासाठी टॅलिनला जाणारे खूप आहेत आणि बर्फाने झाकलेली लाल छपरं खरोखर सुंदर दिसतात. नोव्हेंबर मात्र टाळा. बर्फ नाही, ऊन नाही, नुसता ओला काळोख.

जूनच्या २३ आणि २४ तारखांबद्दल प्र. २२ आधी वाचा, मगच तिकीट काढा.

४. व्हिसा कोणता लागतो?

शेंगेन व्हिसा. एस्टोनिया डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. पर्यटनासाठी कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पोहोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही त्यात धरले जातात. प्रौढांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यासाठी जाणाऱ्यांनी मार्चमध्येच हालचाल सुरू करावी.

मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर भारतीयांना आता दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. २०२४ पासूनची ही सोय अजून अनेकांना माहीत नाही.

५. आम्ही फिनलंड आणि एस्टोनिया दोन्ही करणार. व्हिसा कुणाकडे मागायचा?

जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. अर्जातलं हॉटेल बुकिंग याच्याशी जुळलं पाहिजे. कुणाकडे तारीख लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाचे दिवस वाढवून दाखवू नका, पुढच्या अर्जाच्या वेळी ते अंगाशी येतं.

६. सिंगल एंट्री व्हिसावर टॅलिनहून रीगाला किंवा हेलसिंकीला जाऊन परत येता येईल?

येईल. एस्टोनिया, लाटव्हिया (रीगा) आणि फिनलंड तिन्ही शेंगेनमध्येच आहेत, त्यामुळे ही 'एंट्री' मोजली जात नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा; बोटीत चढताना ओळख तपासतात. लंडनला किंवा डब्लिनला जाऊन परत येणार असाल तर सिंगल एंट्री तिथेच संपते. रशियाबद्दल प्र. २६.

७. विमानतळावर बोटांचे ठसे घेतात म्हणे? आणि ते ईटीआयएएस काय आहे?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेनच्या सीमांवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी पद्धत सुरू झाली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद होते. ही तपासणी टॅलिनला होईलच असं नाही. शेंगेनमधल्या ज्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा उतराल तिथे होते, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत फ्रँकफर्ट किंवा हेलसिंकीला. पुढचं विमान तासाभरात असेल तर धाकधूक होते; तीन तासांचं अंतर ठेवा.

ईटीआयएएस ही ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठीची परवानगी आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा घेऊन जाणाऱ्यांना तिची गरज नाही. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

८. माझ्याकडे एस्टोनियाचं ई-रेसिडेन्सी कार्ड आहे. तरीही व्हिसा लागेल?

हो, लागेल. ई-रेसिडेन्सी २०१४ मध्ये सुरू झाली ती बाहेर राहून तिथे कंपनी काढण्यासाठी, डिजिटल सही करण्यासाठी. नावात 'रेसिडेन्सी' असली तरी त्या कार्डावर देशात शिरता येत नाही आणि राहताही येत नाही. तिथे राहून परदेशातल्या कंपनीचं काम ऑनलाइन करायचं असेल तर डिजिटल नोमॅड व्हिसा निराळा आहे, त्याला उत्पन्नाची अट आहे.

९. मुंबईहून टॅलिनला कसं जायचं?

थेट विमान नाही. युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: हेलसिंकीपर्यंत विमान आणि तिथून बोट. फिनलंडचं आखात ओलांडायला साधारण दोन तास लागतात, दिवसभर बोटी असतात. थंडी सोसत असेल तर टॅलिन जवळ येताना डेकवर जाऊन उभे राहा. आधी ओलेविस्ते चर्चचा हिरवट, टोकदार मनोरा दिसतो, मग एकेक करून बाकीचे. शेकडो वर्षं दर्यावर्दींनी हे शहर असंच पाहिलं.

टॅलिनचा विमानतळ शहराच्या मध्यापासून जेमतेम चार किलोमीटरवर आहे, तेव्हा टॅक्सीचा खर्चही फार येत नाही. तिथे सगळे बोल्ट हे टॅक्सीचं अॅप वापरतात. ही कंपनी मुळात टॅलिनचीच.

१०. टॅलिनमध्ये बस-ट्रॅम फुकट आहे ना?

शहरात नोंदणी असलेल्या रहिवाशांना, २०१३ पासून. आपल्याला नाही. मराठी-हिंदी व्हिडिओंत 'सगळ्यांना मोफत' असं सांगितलेलं मी अनेकदा पाहिलं आहे आणि त्या भरवशावर दंड भरलेली मंडळीही माहीत आहेत. पुढच्या दाराजवळच्या यंत्राला तुमचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवलं की तासाभराचं तिकीट निघतं. प्रत्येकाने आपापलं वेगळं कार्ड टेकवायचं. जुनं शहर एवढं छोटं आहे की तिथे चालणंच बरं.

११. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला रेल्वे बरी की बस?

टॅलिन ते तार्तु रेल्वे. साधारण दोन तास, स्वच्छ डबे, मोठ्या खिडक्या. गाड्यांचा रंग नारिंगी, म्हणून लोक त्यांना लाडाने 'पोर्गांद' म्हणतात, म्हणजे गाजर. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं. पार्नु, सारेमावरचं कुरेसारे आणि रीगाला जायला बस. रीगा साडेचार तासांच्या आसपास. या लांब पल्ल्याच्या बस आरामशीर असतात आणि मिनिटाला मिनिट वेळेवर सुटतात. दोन मिनिटं उशीर झाला तर कुणी थांबणार नाही.

१२. पैसे कसे न्यायचे?

चलन युरो, जानेवारी २०११ पासून. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, अगदी भाजीबाजारातही, त्यामुळे फॉरेक्स कार्ड आणि सोबत ५०–६० युरो रोख पुरतात. खेड्यातल्या रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी किंवा मध विकणाऱ्या आजींसाठी सुटे ठेवा. रोखीत पैसे देताना एकूण रक्कम जवळच्या ५ सेंटांना धरली जाते, हिशोब चुकला असं वाटायला नको. टिप सक्तीची नाही. सेवा आवडली तर ५–१० टक्के.

पाण्याच्या बाटलीवर १० सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पावती मिळते, ती बिलात वळती होते. खरं तर बाटली घ्यायचीही गरज नाही, नळाचं पाणी बिनदिक्कत प्या.

१३. आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

टॅलिन आणि तार्तुत नाही. दोन्हीकडे शाकाहारी आणि व्हीगन जेवण सहज मिळतं, भारतीय हॉटेलंही आहेत. अडचण खेड्यांत आणि बेटांवर येते, कारण तिथलं पारंपरिक जेवण म्हणजे डुकराचं मांस, मासे, बटाटे.

एक शब्द पाठ करा: 'लिहा'. एस्टोनियनमध्ये लिहा म्हणजे मांस. मराठी माणूस हा शब्द एकदा ऐकला की विसरत नाही. 'इल्मा लिहाता' म्हणजे मांसाशिवाय, 'इल्मा कालाता' म्हणजे माशाशिवाय. दोन्ही म्हणा, कारण मासा म्हणजे मांस नव्हे असं तिथे अनेकांना वाटतं. शाकाहारी जेवणाला 'ताइमेतोइत' म्हणतात. मुल्गिपुदेर हा बटाटा आणि जवाच्या भरडीचा मऊ पदार्थ नावावरून शाकाहारी वाटतो, पण वर बहुतेकदा बेकनचे तुकडे असतात. सांगितलं तर तसे नसलेला देतात. सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारून घ्या.

पोट भरायला काळी राय ब्रेड आहे. जड, किंचित आंबट, लोण्याबरोबर अप्रतिम. सुपरमार्केटमध्ये कोबी किंवा मश्रूम भरलेले 'पिरुकास' मिळतात. चॉकलेटच्या पातळ कवचातला दह्याच्या चक्क्याचा छोटा बार, 'कोहुके', मुलांना फार आवडतो. आणि 'कामा' जरूर घ्या. जव, राय, ओट आणि वाटाणा भाजून केलेलं पीठ, थंड ताकासारख्या केफिरमध्ये कालवून खातात. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आजीच्या सातूच्या पिठाची आठवण होऊन घसा दाटून आला होता. तोच भाजल्याचा खमंग वास, तोच जिभेवर राहणारा रवाळपणा. मीठ किंवा साखर आपापल्या आवडीने.

दुपारी बारा ते तीनच्या सुमारास बहुतेक हॉटेलांत दिवसाचा ठरलेला पदार्थ बराच स्वस्त मिळतो. दारातल्या पाटीवर 'पॅएवापक्कुमिने' लिहिलेलं शोधा.

१४. घरून काय काय नेता येतं? हापूस नेला तर?

हापूस नाही. युरोपीय संघाबाहेरून ताजी फळं आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ, खजूर अशी मोजकी फळं त्यातून वगळली आहेत, आंबा नाही. कढीपत्त्याचाही मोह नको. मांस आणि दुधाचे पदार्थ तर पूर्ण बंद, म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप सगळं घरीच ठेवायचं. चकल्या, बाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तिळाच्या वड्या, कोरडे मसाले यांना अडचण येत नाही. तेलाच्या लोणच्याची बाटली चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट गुंडाळून.

१५. टॅलिनच्या जुन्या शहरात काय चुकवू नये? बरोबर सत्तरीचे आईबाबा आहेत.

जुनं शहर १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नगरभवनासमोरचा चौक आणि त्याच्या कोपऱ्यातलं औषधाचं दुकान पाहा. किमान १४२२ पासून ते त्याच जागी चालू आहे, आजही तिथे डोकेदुखीची गोळी मिळते.

वयस्कर माणसांची खरी अडचण म्हणजे गोटे बसवलेले रस्ते. पावसात ते निसरडे होतात आणि घोटे दुखतात. जाड तळव्याचे बूट हवेतच. टोंपेआ टेकडीवर चढत जाण्याऐवजी टॅक्सीने वर सोडून घ्या. तिथून कोहतुओत्साचा कठडा बऱ्यापैकी सपाट रस्त्याने गाठता येतो आणि लाल छपरांचं ते प्रसिद्ध दृश्य दिसतं. मग उतार उतरत खाली या. ओलेविस्तेच्या मनोऱ्यावर चढू नका, जिना अरुंद आणि दमवणारा आहे. त्याऐवजी निगुलिस्ते चर्चच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे आणि खाली १५ व्या शतकातलं बेर्न्ट नोत्केचं 'मृत्यूचं नृत्य' हे चित्रही पाहता येतं. दुसऱ्या दिवशी ट्रॅमने काद्रिओर्गच्या बागेत जा, बाकं भरपूर आहेत.

१६. दलदलीत फिरायला जायचं म्हणजे काय? धोका नाही?

लाकडी फळ्यांच्या वाटेवर राहिलात तर नाही. वाट सोडू नका, एवढंच. टॅलिनहून सर्वांत सोयीची जागा म्हणजे लाहेमा राष्ट्रीय उद्यानातलं विरु राबा. लाहेमा १९७१ मध्ये स्थापन झालं, सोव्हिएत संघातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येतं.

आधी उंच पाइनचं जंगल लागतं, मग झाडं अचानक खुजी होतात. खांद्याएवढं पाइनचं झाड शंभर वर्षांचं असू शकतं, कारण खाली माती नाही, शेवाळाचे थरावर थर आहेत आणि त्यात अन्नच नाही. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मधली तळी कोऱ्या चहाच्या रंगाची, काठाला शेवाळ लालसर. पाऊल पडलं की फळी किंचित दबते आणि खालून बुळुक असा आवाज येतो. पहाटे धुकं असताना गेलात तर तुमच्या चालण्याचाच आवाज मोठा वाटतो. माझ्या आईला मी तिथे नेलं होतं. वाटेवरच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढून ती पंधरा मिनिटं एक शब्द बोलली नाही.

प्रवेश फुकट आहे. सप्टेंबरात क्रॅनबेरी पिकतात. जंगलातली बोरं आणि अळंबी खाण्यापुरती तोडायला परवानगी आहे, पण ओळख पटल्याशिवाय अळंबी तोडू नका. विषारी साप एकच, व्हायपरच्या जातीचा, आणि तो माणसाची चाहूल लागली की निघून जातो. गोचिडीबद्दल प्र. २४.

१७. तार्तुला मुद्दाम जावं का?

मी पक्षपाती आहे, पण हो. १६३२ चं विद्यापीठ, नदीकाठ, संध्याकाळी पुलावर बसलेली मुलं. शहराबाहेर जुन्या सोव्हिएत धावपट्टीच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०१६ मध्ये उघडलेलं. त्याला अर्धा दिवस द्या.

आपल्यासाठी एक धागा आणखी आहे. कृष्ण यजुर्वेदाची मैत्रायणी संहिता पहिल्यांदा संपादित करून छापली ती लेओपोल्ड फॉन श्र्योडरने, १८८१ ते १८८६ च्या दरम्यान. तो जन्मला तार्तुत आणि शिकवायलाही तिथेच होता. मैत्रायणी शाखेची परंपरा टिकली ती मुख्यतः महाराष्ट्रात, नाशिक-खानदेशाकडे. विद्यापीठाच्या पांढऱ्या खांबांसमोर उभं राहताना हे मनात असलं की बरं वाटतं.

१८. सॉनामध्ये कपडे काढावेच लागतात का?

हा प्रश्न सगळ्यांना असतो, बरेच जण संकोचाने शेवटी विचारतात. उत्तर जागेवर अवलंबून आहे. हॉटेल किंवा स्पामध्ये स्त्री-पुरुष एकत्र असतील तर पोहण्याचे कपडे घालूनच जायचं असतं. सार्वजनिक जुन्या सॉनांत बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी, आणि आत कपडे नसतात. कुणाच्या घरी बोलावलं तर बायका आणि पुरुष आळीपाळीने जातात. टॉवेल गुंडाळून बसलात तर कुणी काही म्हणत नाही.

रीत सोपी आहे. आधी अंघोळ. बसताना खाली टॉवेल पसरायचा. पहिल्यांदा असाल तर खालच्या फळीवर बसा, वर उष्णता फार असते. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की जी वाफ उठते तिला 'लेइल' म्हणतात; पाणी टाकण्यापूर्वी बाकीच्यांना विचारायचं. बर्च झाडाच्या पानांच्या जुडीने पाठीवर हलके फटके मारतात, त्याने दुखत नाही, उलट जंगलाचा वास येतो. दहा मिनिटांत बाहेर या, पाणी प्या, धीर असेल तर तळ्यात बुडी मारा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आग्नेयेकडच्या व्होरोमामधली धुराच्या सॉनाची परंपरा २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. चिमणी नसते, धूर आतच कोंडतो आणि तो बाहेर गेल्यावरच आत शिरायचं. तयार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून यजमानांना आधी कळवावं लागतं.

१९. सारेमा बेटावर कसं जायचं? काय आहे तिथे?

विर्त्सुहून कुइवास्तुची बोट, अर्ध्या तासाच्या आत. उतरता ते मुहु बेटावर, तिथून बांधावरच्या रस्त्याने सारेमा. टॅलिनहून थेट बसही बोटीत चढते. गाडी नेणार असाल तर उन्हाळ्यात शुक्रवार-रविवारची जागा आधी राखून ठेवा. मी एकदा रविवारी संध्याकाळी राखून न ठेवता गेले आणि तीन बोटी डोळ्यांसमोरून गेल्या.

कुरेसारेचा किल्ला आणि आंग्लाच्या पवनचक्क्या पाहाच, पण मराठी माणसाने कालीचं विवर चुकवू नये. लोणार पाहिलं असेल तर ताडून पाहायला मिळतं. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, कालीच्या मुख्य विवराचा अवघा ११० मीटर. लोणार बेसाल्टमधलं आणि फार जुनं. कालीचा लोखंडी अशनी मात्र पडला तेव्हा या बेटावर माणसं राहत होती. आजूबाजूच्या शेतांत लहान विवरंही आहेत. तळाशी हिरवं पाणी, भोवती झाडी. काठावर एका जागी उभं राहून सगळं विवर नजरेत मावतं.

२०. गाडी भाड्याने घ्यावी का? आपलं लायसन्स चालतं?

लाहेमा आणि बेटांसाठी गाडी फार सोयीची. मूळ लायसन्स आणि आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही न्या, आणि भारतीय लायसन्सवर गाडी देता का हे कंपनीकडून लेखी विचारून ठेवा. वाहतूक उजवीकडून. दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे. गावात ५०, बाहेर बहुतेक ठिकाणी ९० ची मर्यादा. १ डिसेंबर ते १ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. दारूची मर्यादा इतकी कमी आहे की एक बिअरही नको. संध्याकाळनंतर जंगलातल्या रस्त्यांवर वेग कमी करा, मूस हा प्रचंड प्राणी अचानक समोर येतो.

२१. समुद्रावरून गाडी चालवता येते हे खरं?

कडाक्याचा हिवाळा असेल त्या वर्षी. समुद्र पुरेसा गोठला तर मुख्य भूमीपासून बेटांपर्यंत सरकारी बर्फरस्ते उघडतात. हीउमा बेटाचा २५ किलोमीटरहून लांब. अनेक वर्षी ते उघडतच नाहीत, त्यामुळे यावर सहल ठरवू नका. नियम नेहमीच्या उलट वाटतात: सीटबेल्ट लावायचा नाही, मध्ये थांबायचं नाही, पुढच्या गाडीपासून २५० मीटर अंतर ठेवायचं. वेग २५ च्या आत किंवा ४० ते ७० च्या दरम्यान. मधल्या वेगाने बर्फाखाली लाटा उठून बर्फ फुटू शकतो. फक्त उजेडात, आणि पाटी लावलेल्या अधिकृत रस्त्यावरच. भाड्याच्या गाडीला करारात याची परवानगी आहे का ते पाहा.

२२. २३–२४ जूनला सगळं बंद असतं का?

बरंचसं. २३ जून हा विजय दिन आणि २४ जून यानिपॅएव, उत्तरायणाच्या शिखराचा सण. अख्खा देश गावी जातो, शेकोट्या पेटतात, पहाटेपर्यंत गाणी चालतात. टॅलिन ओस पडतं, संग्रहालयं आणि बरीच हॉटेलं बंद. बोटींना भलतीच गर्दी. या तारखांना शहरात राहण्यापेक्षा ग्रामीण पाहुणघर घ्या आणि यजमानांना शेकोटीला येऊ का असं सरळ विचारा. एरवी अबोल असणारी ही माणसं त्या रात्री अगत्याने बोलावतात. एक दिवसाचा किराणा आधी भरून ठेवा.

२३. थंडीत काय घालायचं? आणि ते चमकणारं लटकन काय असतं?

थर घाला: आत थर्मल, मध्ये लोकर, बाहेर वारा अडवणारं जाकीट. उणे २० अंश होऊ शकतं, पण घरं, बस, दुकानं उबदार असतात, त्यामुळे एकच जाडजूड कोट घालून पंचाईत होते. बूट पाणी न शिरणारे.

लटकनाला 'हेल्कुर' म्हणतात. अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने प्रकाश परावर्तित करणारी वस्तू लावणं कायद्याने बंधनकारक आहे, नसेल तर दंड. कोटाच्या उजव्या बाजूला गुडघ्याच्या उंचीवर लोंबू द्या. एक-दोन युरोत मिळतं, घरी आणायलाही छान भेट.

२४. लस घ्यावी लागते का?

सक्तीची नाही. पण एप्रिल ते ऑक्टोबर जंगलात बरेच दिवस राहणार असाल तर गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या लसीबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. लाइम रोगही गोचिडीमुळेच होतो, त्यावर मात्र लस नाही. पायमोज्यांत पॅन्ट खोचा आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, कानामागे तपासा. आणीबाणीचा फोन ११२.

२५. फोन, प्लग, भाषा?

प्रीपेड सिम किऑस्कवर मिळतं. आपला बारीक दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, तीन पिनांचा बसत नाही. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन.

तरुणांना इंग्रजी उत्तम येतं. एस्टोनियन भाषा फिनिशच्या कुळातली, १४ विभक्ती असलेली. 'तेरे' म्हणजे नमस्कार, 'आइतॅह' म्हणजे आभार. एवढं म्हटलं तरी चेहरे खुलतात. बोलणं कमी झालं तर नाराज होऊ नका, गप्प बसणं तिथे असभ्य मानत नाहीत.

२६. नार्वाला जाऊन रशिया बघता येईल? पलीकडे जाऊन आलो तर?

बघता येईल. नार्वा या सीमेवरच्या शहरातल्या किल्ल्यावरून नदीपलीकडे रशियातला इव्हानगोरोदचा किल्ला अगदी समोर दिसतो, मध्ये फक्त पाणी. पलीकडे जाणं मात्र सहलीत धरू नका. पुलावरून आता फक्त पायी जाता येतं, रात्री तो बंद असतो आणि रांगा तासन् तास लागतात. शिवाय सिंगल एंट्री व्हिसा तिथेच संपतो आणि परत येता येत नाही.

आग्नेयेकडच्या सेतोमा भागात फिरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. व्हर्स्का ते सात्से या रस्त्याचा सुमारे एक किलोमीटरचा तुकडा रशियाच्या हद्दीतून जातो. पूर्वी तिथून न थांबता गाडीने जायला मुभा होती. एस्टोनियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो बंद केला. जुन्या नकाशांवर आणि प्रवासवर्णनांत तो अजून मजेची गोष्ट म्हणून सापडतो. त्यांच्या भरवशावर जाऊ नका, वळसा घालून जाणारा रस्ता घ्या. हिवाळ्यात पेइप्सी सरोवरावर चालतानाही हे लक्षात असू द्या: सीमा त्या सरोवराच्या मधून जाते आणि बर्फ दोन्हीकडे सारखाच दिसतो. काठ नजरेत राहील एवढ्याच अंतरावर फिरा.